एकमेकांशी न बोलणारे दोघे

भूम तालुक्यातल्या एका दूध शीतकरण केंद्रावर व्यवस्थापक म्हणून मी रुजू झाले, तेव्हा तिथली दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. एक टेस्टर, गावोगावहून आलेलं दूध तपासणारे. दुसरे ऑपरेटर, पंप आणि दूध थंड करायची मशीन सांभाळणारे. ऑपरेटर वयानं आणि नोकरीनंही मोठे. दोघांच्या जागा समोरासमोर, मधे फक्त एक काचेची खिडकी. तरी काही सांगायचं झालं की ते माझ्या टेबलाशी यायचे. “मॅडम, त्यांना सांगा, आज टँकर लवकर यायलाय.” ‘ते’ तिथंच चार हातांवर उभे असायचे.

कारण मला वॉचमननं सांगितलं. शिफ्टचं इन्चार्जपद ऑपरेटरनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. मिळालं टेस्टरना.

“पद गेलं त्याचं काय न्हाय मॅडम,” वॉचमन म्हणाला. “पण दोघं रोज एका डब्यात जेवायचे. टेस्टरनी तोंडातून शब्द काढला न्हाय. ऑपरेटरना कळलं ते टँकरच्या ड्रायव्हरकडून.”

मी दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजला. दोघांनी चहा घेतला, आपापला कप विसळून ठेवला आणि कामाला गेले. पुढं येडशीच्या केंद्रावर जागा रिकामी झाली तेव्हा मी टेस्टरची बदली सुचवली. वातावरण निवळेल असं वाटलं. टेस्टरांचं घर जवळच ईटला, घरी म्हातारी आई. येडशीला खोली करून राहावं लागणार होतं. पण ते ऑर्डर घेऊन निघून गेले.

त्यांच्या जागी आलेला माणूस तरुण आणि बोलका. कामात चोख. आल्या आल्या तो ऑपरेटरना मामा म्हणायला लागला. केंद्रावर हसणं ऐकू यायला लागलं, आणि मी समाधानात होते.

मग एका सकाळी नासलेल्या दुधाचा कॅन चुकून हौदात ओतला गेला. नवा टेस्टर जिवाच्या आकांतानं ओरडला, “मामा, पंप बंद करा!” पंप चालूच राहिला आणि ते दूध मोठ्या टाकीत गेलं. टाकीतलं सगळं दूध नासलं.

“तो ओरडत होता, तुम्हाला ऐकू आलं नाही?” मी ऑपरेटरना विचारलं.

“मशीन चालू असल्यावर कुणाचं ऐकू येतंय मॅडम? ते आधीचे टेस्टर हात वर करायचे. मी खिडकीकडं बघत असतो. हात वर केला की बंद, पंजा हलवला की हळू.”

“हे कधी ठरवलं होतं तुम्ही?”

“ठरवलं कुठं? बोलणं बंद झाल्यावर लागतंच की काहीतरी.”

नव्या टेस्टरला खुणा शिकवायला मी ऑपरेटरना सांगितलं. त्यांनी शिकवल्या, त्यानं पाठ केल्या. पण आठवड्याभरानं ऑपरेटर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतलेली.

“त्यांना परत आणा.”

“तुम्हाला तर त्यांचं तोंड बघायचं नव्हतं.”

“तोंड बघायला कशाला पाहिजे? त्यांची आई एकटी हाय. परवा अंगणात पडली. आमची मंडळी दोन दिस भाकरी देऊन आली तिला.”

बायको भाकरी पोचवतेय, ती ह्यांच्याच सांगण्यावरून, आणि हा माणूस त्या घरच्या माणसाशी एक शब्द बोलत नाही. दोघांमधला अबोला म्हणजे वैर, असं मी सरळ धरून चालले होते. अबोला होता, तो दुखावल्याचा होता. वैर तिथं कधी नव्हतंच.

बदली रद्द करून घ्यायला मला वरच्या कार्यालयात बरेच खेटे घालावे लागले. साहेब म्हणाले, “तुम्हीच मागितली, आता तुम्हीच नको म्हणता.” मी मान खाली घालून ऐकून घेतलं. महिन्याभरात टेस्टर परत आले. नव्याला येडशी आवडली. रेल्वे स्टेशन जवळ, असं तो म्हणाला.

पहिल्या दिवशी दूध उतरायला लागलं तेव्हा मी मुद्दाम दारात उभी राहिले. कुणी कुणाला नमस्कार केला नाही. टेस्टरनी खिडकीतून हात वर केला, पंप थांबला, तेवढंच.

माझी बदली होईपर्यंत ते एकमेकांशी बोलले नाहीत. मीही त्यांना पुन्हा चहाला बसवलं नाही.