सनरूफवाली की बिनसनरूफची

आईचे गुडघे गेले, म्हणून आमच्या घरात इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचं ठरलं. दर रविवारी तिला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं आणि रिक्षाचे हादरे तिला सोसत नाहीत, एवढाच विषय होता. पण एवढ्याशा विषयासाठी गाडी घेतली तर चारचौघांत सांगणार काय? म्हणून आम्ही व्हेरिएंट बघायला बसलो आणि गुडघे गेले उडत.

धाकटा भाऊ टॉप मॉडेलवर अडून बसला, कारण त्यात सनरूफ. भिवंडीत सनरूफ. उघडलं की पॉवरलूमची रुई, ट्रकची धूळ आणि वरच्या मजल्यावरचं ओलं धुणं थेट मांडीत. माझ्या बायकोला थंड हवा सोडणाऱ्या सीटा हव्या होत्या. मी घरातला शहाणा, म्हणून सगळ्यांत मोठी बॅटरी मागत होतो. अकलोलीला जाऊन येऊन परत गेलं तरी छोटी बॅटरी अर्धी उरते, हे मला माहीत होतं. पण शहाण्याने काहीतरी मागायला हवं ना.

ही सगळी चर्चा भिवंडीतल्या कामतघर भागातल्या आमच्या घरात, भिंतीपलीकडे लूम धडधडत असताना. तिथं राहणाऱ्याला दोन गोष्टी आपोआप येतात: ओरडून बोलणं, आणि ऐकू आलं नाही तरी मान डोलावणं. 'काय?' विचारत बसलं तर एका वाक्याला संध्याकाळ होते. आई रोज चहा देताना काहीतरी सांगायची. अलीकडे तिला ओरडवत नाही. आम्ही तिघंही आदराने मान डोलवायचो आणि पुन्हा सनरूफवर यायचो.

शेवटी टेस्ट ड्राइव्हला गेलो. शोरूममध्ये आम्ही आमच्या नेहमीच्या आवाजात बोलत होतो, तर मॅनेजर भांडण सोडवायला धावत आला. गाडी उंच. मी आणि भावाने आईच्या काखेत हात घातले, बायकोने मागून रेटा दिला, तेव्हा ती कशीबशी मागच्या सीटवर चढली. "उंचीमुळे रस्ता छान दिसतो, आजी," सेल्समन म्हणाला. आई गुडघा चोळत राहिली.

मी गाडी अंबाडीच्या रस्त्याला घेतली, काचा वर केल्या. इंजिनाचा आवाज नाही, लूम नाहीत. असल्या शांततेची सवय कुणाला? कानाला दडे बसल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, साधा, सावकाश.

"दिवाळीपासून सांगते हाय. कंची पन घ्या, पन चढायला पायरी लावून घ्या. असं पोत्यावानी उचलून टाकनार असाल तर मला न्हाय यायचं अकलोलीला."

पायरी कुठल्याही व्हेरिएंटला वेगळी बसवून मिळते, असं शेजारच्या सीटवरून सेल्समनने हळूच सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरशात आईकडे बघितलं. तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता, तरी सवयीने मान डोलली.

"आता तर ऐकू आलं ना," आई म्हणाली. "मंग तोंडानं बोल की."