ठरलेल्या वेळेत पदवी

देशभरातल्या कॉलेजांच्या क्रमवारीचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या क्रमवारीची सर्वांत जास्त टिंगल मी करत असे. आमच्या प्राचार्यांना विनोद कळत नसे, पण विनोद करणाऱ्याचा उपयोग कळे.

भंडारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. फॉर्ममध्ये ‘परदेशी विद्यार्थी किती’ असा रकाना होता. “मध्य प्रदेशातला, बालाघाटचा एक आहे, तो धरा,” इतिहासाचे सर म्हणाले. सगळे हसले. मी चेव येऊन म्हणालो, “ज्या पोरांच्या गावाहून एकच बस निघते आणि आपल्याच फाटकापाशी थांबते, त्यांना देशातला नंबर सांगून काय करायचं?” ग्रंथपाल बाईंनी वर न बघता विचारलं, “सर, मुलाला पुण्याला घालताना हीच यादी उघडली होती ना तुम्ही? माझ्याच कॉम्प्युटरवर?” मी पुढचा रकाना वाचायला घेतला.

‘ठरलेल्या वेळेत पदवी घेतलेले विद्यार्थी.’ ही आमची दुखरी जागा. त्या वर्षी परीक्षा लांबत लांबत ऐन धानाच्या रोवणीत आल्या. शेवटच्या वर्षाला आसगावकडची एक मुलगी होती. वडील तलावात मासेमारी करत. पावसाळ्यात ती बंद, तेव्हा घर तिच्या आणि आईच्या रोवणीवर चाले. बायकांची टोळी अख्खं शेत गुत्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेला, घेते. एखादी आली नाही तर तिच्या वाट्याचं धान बाकीच्यांनी लावायचं, आणि मग पुढच्या शेतावर तिला कुणी बोलवत नाही. आई तापाने पडली होती. दोघी कमी पडणं टोळीला चाललं नसतं. मुलीने एक पेपर सोडला. बाकी सगळ्यांत ती पास होती, माझ्या विषयात वर्गात पहिली. राहिलेला पेपर हिवाळ्यात देता आला असता.

प्राचार्यांनी मार्ग काढला. अशा मुलांनी आपणहून प्रवेश रद्द केला, की ती मोजणीत येत नाहीत. अर्जाचा मसुदा मी लिहिला. माझी भाषा चांगली आहे, असं सगळे म्हणतात.

ती वडिलांना घेऊन आली. ते दाराबाहेर चपला काढून आत आले.

“सर, पोरगी नापास झाली का?”

“नाही.”

“मंग नाव काहून काढून राहिले?”

कॉलेजचा नंबर वर गेला तर पुढच्या मुलांचा फायदा होईल, असं मी सांगितलं. हेच वाक्य प्राचार्यांच्या तोंडून ऐकून मी हसलो होतो.

“तुमी म्हनता तं बराबरच असन,” ते म्हणाले.

मुलीने अर्ज दोनदा वाचला. “सर, याच्यात ‘स्वेच्छेने’ लिहून आहे.”

“तसं लिहावं लागतं.”

“पेपरले मी हिवाळ्यात येतो.”

“ये ना.”

तिने सही केली. नाव निघाल्यावर परीक्षेला बाहेरून बसायचं तर नागपूरला विद्यापीठात खेटे घालावे लागतात, हे मला ठाऊक होतं. मी ते सांगितलं नाही.

हिवाळी परीक्षेच्या यादीत मी तिचं नाव शोधलं. नव्हतं.

पुढच्या वर्षी क्रमवारी जाहीर झाली. आम्ही शेवटच्या गटात बसलो. त्या गटात क्रमांक नसतात. नावं नुसती अक्षरक्रमाने लावलेली असतात. तरी फाटकावर फ्लेक्स लागला. त्यात प्राचार्य इमारतीपेक्षा मोठे होते.

त्याच आठवड्यात बाजारात तिचे वडील मासे घेऊन बसलेले दिसले. मी तोंड फिरवण्याआधी त्यांनीच हाक मारली.

“सर, कालेजचा नंबर लागला म्हनते.”

“लागला.”

“चांगलं झालं.”

“मुलगी काय करते?”

“नागपूरले कंपनीत डब्बे भरते. बारावीवर घेतलं तिले.” त्यांनी एक मासा उलटून वरचं पाणी निथळू दिलं. “लहानी औंदा बारावीले हाय. तिले तुमच्याच कालेजात टाकतो.”

प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, एवढं मी सांगितलं.