दुर्बीण नको म्हणालो त्याची गोष्ट

माझं पोट चांगलं हातभर फाडावं हा निर्णय संपूर्णपणे माझा होता. डॉक्टरांचा त्यात काडीचाही दोष नाही.

मी तेव्हा घाटंजीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. दिवाळी झाली, राळेगावहून माझा साळा वसंता आमच्याकडे मुक्कामाला आला, आणि दोन दिवसांच्या अंतरानं आम्हा दोघांच्याही उजव्या कुशीत कळ उठली. दोघांनाही अपेंडिक्स! (बायकोच्या माहेरचे लोक आजही आमच्याकडे फक्त चहा घेतात.)

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात आम्हाला शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. तरुण डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं, "दुर्बिणीनं केलं तर तीन बारीक छिद्रं, दोन-तीन दिवसांत घरी. पोट उघडून केलं तर मोठी चीर, दुखणं जास्त, आठवडाभर मुक्काम. तुमचं दोघांचंही दुर्बिणीनं करता येईल."

"मले दुर्बीणच लावा बाई," वसंता म्हणाला. "बोंडअळीनं खाऊन उरला तेवढा कापूस झाडावर फुटून राह्यला. मले घरी जाऊ द्या लवकर."

मी पडलो विज्ञानाचा माणूस. मी चौकशी केली.

"एवढ्याशा छिद्रातून आतलं दिसतं कसं?"

"पोटात गॅस भरून ते जरा फुगवतो."

"फुगवता?" मी ताडकन उठून बसलो. (बसवत नव्हतं, तरी बसलो.) "मी काय ट्रॅक्टरचा टायर आहे?"

"गुरुजी, नंतर गॅस काढून टाकतो."

"आणि मी बेशुद्ध?"

"दुर्बिणीला पूर्ण भूल लागते. उघडून करायचं तर कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधीर केलं तरी भागतं."

झालं! जागं राहून स्वतःच्या ऑपरेशनवर स्वतःच देखरेख करायची, अशी संधी कोण सोडेल? मी जाहीर केलं, "माझं उघडूनच करा."

"अवो, त्या एवढ्या शिकलेल्या हायेत, आइका न त्याइचं!" बायको कळवळली.

"सुनंदा, तुले काय समजते विज्ञानातलं?"

(हे वाक्य तिनं नीट जपून ठेवलंय. भांडणात अजून चालतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी वसंताचं झालं, मग माझा नंबर लागला. छातीच्या पुढं हिरवा पडदा लावला होता. माझी देखरेख पडद्याच्या अलीकडंच अडकली! तरी मी सोडतो होय?

"मॅडम, लहान आतडं संपून मोठं सुरू होतं ना, तिथंच बघा."

"धन्यवाद, गुरुजी," पडद्यापलीकडून उत्तर आलं.

मग बराच वेळ नुसती कात्र्या-चिमट्यांची खणखण. आणि अचानक एक आवाज आला, "मॅडम, सापडत नाहीये."

"नीट बघ. इथंच असणार."

"सगळीकडं पाहिलं. खाली पाहू काय?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खाली? खाली म्हणजे कुठं? पायात? माझं अर्धं अंग बधीर, त्यामुळं कुठवर शोधून राह्यले तेही कळेना! सुनंदाचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी जीव खाऊन ओरडलो, "दुर्बीण आणा! अजून वेळ गेली नाही! टायर करा माझा, पण दुर्बीण आणा!"

मग पडद्यावरून डॉक्टरबाईंचे दोन डोळे वर आले.

"गुरुजी, तुमचं अपेंडिक्स केव्हाच निघालं. टाके घालतेय. सिस्टरांची एक चप्पल सापडत नाहीये."

माझं स्ट्रेचर वॉर्डात पोचायच्या आधी ही बातमी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी वसंता गॅसनं खांदा दुखतो म्हणत खांदा चोळत चोळत फिरू लागला. मी मात्र पोटावर उशी दाबून पडलेला. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही! आणि हा माझ्या पायथ्याशी उभा राहून अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "भाऊजी, दुर्बीण आणू काय?"

अख्खा वॉर्ड हसायचा. मीही हसायचो आणि लगेच "आई गं!" म्हणून उशीला मिठी मारायचो.

"हसवू नको रे त्याइले, वसंता, टाके तुटतीन!" सुनंदा म्हणायची, आणि पदरात तोंड खुपसून स्वतःच गदगदा हसायची.

तिसऱ्या दिवशी वसंता एसटीनं राळेगावला गेलासुद्धा. बांधावर बसून त्यानं वेचणी उरकून घेतली, तरी मी आपला खाटेवरच.

मला दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी मी भिंत धरधरून व्हरांड्यात आलो. बाकावर नेरचा एक म्हातारा शेतकरी चहा पीत बसला होता. अपेंडिक्ससाठी आलो म्हणाला. मला वाटलं, हा जीव तरी वाचवावा! मी त्याच्यापुढं पाऊण तास दुर्बिणीचं महत्त्व सांगितलं. गॅस, छिद्रं, भूल, काही सोडलं नाही. शेवटी सदरा वर करून माझी शिवण दाखवली. "बाबा, ऐका माझं. दुर्बिणीनंच करून घ्या!"

म्हाताऱ्यानं सगळं मान डोलावून ऐकलं. मग हळूच स्वतःची बंडी वर केली. पोटावर तीन बारक्या पट्ट्या.

"माह्यं तं कालच झालं, गुरुजी. दुर्बिणीनंच. तुम्ही एवढ्या जीवाच्या आकांतानं सांगून राह्यलते, म्हून म्या मधात बोललो नाही."

आणि कालच ऑपरेशन झालेल्या त्या म्हाताऱ्यानं, आठवडाभर आराम केलेल्या मला, हात धरून खाटेपर्यंत पोचवलं.