राहिलेला गजर

भजन मंडळात मी शिरलो तेव्हा माझे अर्धे केस पिकले होते, तरी तिथे सगळ्यांत नवा मीच. झांज वाजवणारे एक गृहस्थ मुंबईला मुलाकडे राहायला गेले, त्यांची जागा मला मिळाली. पेटीवर बसून गाणारे आमचे बुवा माझ्याहून वयाने लहान. पहिल्याच तालमीला त्यांनी मला नियम सांगितला, "पयला वरस तोंड बंद, झांज चालू." सगळे हसले. मीही हसलो, कारण नियम मला पटला होता. नव्या माणसाने आधी बघावं, मग बोलावं, असं मी नोकरीतही करत आलो आहे.

गणपतीत मंडळ वाडीत घरोघर जातं. क्रम ठरलेला: नमन, रूपाचा अभंग, गवळण, गजर आणि शेवटी आरती. गजराला लय चढते, घरातली माणसं टाळ्या धरतात, बायका फुगडीला उठतात. लोक वाट बघतात ती या गजराची.

मला मोजायची सवय आहे, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ध्यानात आलं. जिथे काळ्या वाटाण्याची उसळ आणि गरम वडे, तिथे अभंगाचे पाचही चरण आणि वर बुवांच्या ताना. जिथे नुसता चहा, तिथे दोन चरण, गवळण उरकलेली, आणि कधी कधी गजरही गायब. घरात शिरल्यावर आमचे लोक आधी गणपतीकडे बघत नसत, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत. मला शिसारी आली. पण नियम आठवला आणि मी ठरवलं, विसर्जन होऊ दे, मग बैठकीत सरळ मांडू. लोकांच्या घरात मंडळाची शोभा कशाला?

त्याच संध्याकाळी आम्ही खाडीकाठच्या एका काकीकडे गेलो. काकी मासे विकते. मुलगा गोव्याला कामाला, तो चतुर्थी करून लगेच परत गेलेला. गणपती आल्यापासून तिने टोपलीला हात लावला नव्हता. जमीन पुसलेली, चटया अंथरलेल्या, आणि शेजारच्या दोघी फुगडीसाठी बोलावून आणलेल्या. तिने चहा दिला आणि घरी केलेल्या करंज्या.

आमच्या पखवाजवाल्याने करंजी नाकाशी नेली. "बांगड्याचो वास येता रे," तो माझ्या कानात म्हणाला आणि एक तोंडात, दोन खिशात टाकल्या. तेलाची बोटं त्याने तिच्या चटईला पुसली. भजन सुरू झालं तरी मी त्या डागाकडेच बघत झांज वाजवत राहिलो.

अभंगाचे दोन चरण झाले. गवळण झाली न झाली तोच बुवांनी आरतीसाठी हात केला.

काकी दारातून पुढे आली. "बुवानू, गजर ऱ्हवलो मां?"

"काकी, पावस येता गो. फुडे अजून घरां आसत."

पुढचं घर कंत्राटदाराचं होतं. उघड्या दारातून मला खाडी दिसत होती आणि वर स्वच्छ आभाळ. काकीनेही वळून बाहेर बघितलं. फुगडीसाठी पदर खोचलेला होता तो तिने सोडला.

"पावस नाय," मी म्हटलं. "आभाळ मोकळां आसा."

बैठक वगैरे माझ्या डोक्यात राहिली नाही.

बुवांनी पेटीचा भाता बंद केला. "मगे तूच म्हण गजर. येता तुका?"

"येता तसो म्हणतंय."

मला गाता येत नाही. सूर खाली धरला गेला, दुसऱ्या ओळीला घसा अडकला. मागची मंडळी ओळ उचलेना. पखवाजवाल्याने मोबाइल काढला आणि खिशातली करंजी खात बसला. ओळ उचलली ती काकीने. मग शेजारच्या दोघींनी. माझ्या एकट्या झांजेवर त्या तिघी आळीपाळीने फुगडी खेळल्या, काकी तर दोनदा. तिला दम लागला तेव्हाच मी थांबलो. मग आरती झाली.

बांधावरून जाताना बुवा म्हणाले, "आदी माका बाजूक घेवन सांगूचा होता. चार माणसांत असा बोलतत?"

मी विचारलं, आधी बाजूला घेऊन सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का.

त्यांनी थोडा विचार केला. "नाय," म्हणाले.

कंत्राटदाराकडे पाचही चरण झाले, दोन गवळणी झाल्या, गजर तर संपता संपेना. मी झांज वाजवली. उसळीचं ताट समोर आलं तेव्हा शेजारी पखवाजवाला वाटी चाटत होता. मी ताट त्याच्याकडे सरकवलं. त्याने ते घेतलंही.