सुतकातला ढोल

आमच्या वाडीचा आपत्ती आराखडा माझ्या अक्षरात आहे. पोलादपूरच्या बैठकीला अंगणवाडीवाली म्हणून मलाच पाठवलं होतं, मग लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मोठ्या पावसात रेंज जाते, लाइट जाते. म्हणून ठरलं, की माझ्या अंगणातली पाऊस मोजायची बाटली तांबड्या रेघेपर्यंत भरली की देवळातला ढोल वाजवायचा. ढोल ऐकला की सगळ्यांनी खाली शाळेत यायचं.

माझी थोरली जाऊ सगळ्यात वरच्या घरात राहायची, डोंगराला अगदी लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापायला तिनंच शिकवलं. बाटली बघून तिला हसू आवरेना. "पाऊस बाटलीत मोजतेस, उद्या वारा पिशवीत भरशील गो! ढोल वाजला तर येईन. नुसत्या हाकेला नाय उठायची, नायतर तू रोज उठवशील."

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पाणी रेघेला लागलं. मी देवळाकडे धावले. दारात देवळाचे मानकरी, माझे चुलत सासरे, उभे होते. तीन दिवसांपूर्वी भावकीतली एक म्हातारी गेली होती, आणि आमची अख्खी वाडी एकाच भावकीची.

"सुतक हाय सूनबाई," ते म्हणाले. "देवाच्या ढोलाला हात कसा लावायचा?"

एवढा आराखडा लिहिला, पण सुतक कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आणि मी मेली, ऐकलं त्यांचं! पदर सावरला आणि घरोघर सांगत सुटले. खालून सुरुवात केली, जवळची घरं आधी. मधल्या घरांपर्यंत पोचले, तोवर वरचा डोंगर खाली आला.

जावेच्या शेजारची बाई पळून वाचली. ती म्हणाली, "मी चल म्हटलं तिला. तर म्हणते, ढोल कुठं वाजलाय?"

सासऱ्यांचा राग नाही येत मला, माझाच येतो. देव रागावला असता तर रागावला असता! एक नारळ फोडून समजूत काढली असती त्याची. जावेची कशी काढू?

जाऊ गेली त्याच्या आठव्या दिवशी बाटली पुन्हा भरली. आता सुतक माझ्याच घरचं होतं. मी देवळात शिरले आणि टिपऱ्या उचलल्या. सासरे दारातच होते. त्यांनीच ढोल खुंटीवरून उतरवून माझ्यापुढे ठेवला. हात दुखेपर्यंत बडवला मी. सगळी वाडी खाली आली.

शाळेत हजेरी घ्यायला आराखड्यातली यादी उघडली. वरच्या घरापासून नावं लिहायची, हे मीच ठरवलं होतं. पहिलं नाव जावेचं. सवयीनं तोंडातून गेलं. कोणी हूं म्हणेना.

मी ते पुन्हा एकदा वाचलं.