मारुतीचा पाट

रामायणाची पोथी लावली की शेजारच्या सुमनकाकू ओसरीवर एक रिकामा पाट मांडतात. रामकथा चालते तिथे मारुती ऐकायला येऊन बसतो, म्हणून. त्या पाटावर कुणी बसत नाही. मांजरसुद्धा त्याला वळसा घालून जातं.

काल दुपारी राम वनवासाला निघाला. ज्यांचा मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेलाय, त्या मालतीबाई म्हणाल्या, "चूक दशरथाची." वडिलांसाठी शहरातली नोकरी सोडून आलेले गुरुजी म्हणाले, "बापाचा शब्द पाळावा, एवढंच सांगितलंय." ओवी एकच, पण दोघांनाही ती आपल्याच घरातली वाटली.

सगळे गेल्यावर मी काकूंना विचारलं, "यातला खरा अर्थ कुठला?"

पाट उचलत त्या म्हणाल्या, "तो सांगतो की ज्याला त्याला."

"मला नाही कधी ऐकू आलं."

"येतं. ज्याच्या त्याच्या आवाजात सांगतो तो."

आज पुन्हा वाचन सुरू झालं. बाहेर ऊन होतं, वारा पडलेला होता. ओवी संपायच्या आतच माझ्या मनात कुणीतरी तिचा अर्थ सांगू लागलं. अगदी पटणारा, मला हवा होता तसाच. आवाज माझाच होता.

पाटाकडे बघायचा मला धीर झाला नाही.