वाढत्या अंगाचं

कपड्यांच्या दुकानात पुढे काचेतले पुतळे, उजेड आणि गाणी. मागच्या खोलीत एक ट्यूबलाइट, इस्त्रीचं टेबल, दोन शिलाई मशिनं आणि गिऱ्हाइकांनी 'जरा आत घ्या', 'जरा उंची कमी करा' म्हणून टाकलेल्या कपड्यांचा ढीग. तिथे ती बसायची. ओठांत टाचण्या धरूनच बोलायची, म्हणून अख्खं दुकान तिला टाचणीबाई म्हणे.

काही झालं तरी कापड कापायचं नाही, हा तिचा नियम. पँट चार बोटं लांब असली तर चारही बोटं आत दुमडून टीप घालायची. "असू दे. उद्या वाढलं अंग, की उसवता येतं."

"बाई, हे गृहस्थ पन्नाशीचे आहेत," शेजारच्या मशिनवरून मास्तर म्हणायचे. "आता वाढले तर आडवेच वाढतील."

तरी ती कापत नसे.

हे आईकडून आलेलं. घरात दोनच मुलं, ही आणि धाकटा. धाकट्याचे सगळे कपडे वाढत्या अंगाचे. शर्टाच्या बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या, आणि शर्ट अंगाला बरोबर होईतो कॉलर विरलेली असायची. खेळण्यांचंही तेच. त्या वेळी मुठीत मावेल असं एक खेळणं निघालं होतं. छोटासा पडदा, खाली तीन बटणं. पडद्यावर अंडं, अंड्यातून प्राणी. तो वाढवायचा आणि मग दुसऱ्याच्या खेळण्याला डोक्याला डोकं लावून दोघांच्या प्राण्यांची झुंज लावायची. धाकटा शाळेतून येताना दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहायचा. एक घेऊन उपयोग नव्हता, झुंजीला दोन लागतात. "पुढच्या वर्षी दोन्ही घेऊ, मग भांडा काय भांडायचं ते," आई म्हणाली. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. काचेवर त्याच्या नाकाचा ओलसर ठिपका राहायचा. दुकानदार ओरडू नये म्हणून ती तो फ्रॉकने पुसून टाकायची.

धाकटा आता मालवाहू जहाजाचं इंजिन सांभाळतो. आई गेली तेव्हाही तो समुद्रातच होता. त्याच्या खोलीत पलंगावर घातलेल्या चादरीखाली एक नवी चादर, घडी न मोडलेली, त्याच्यासाठी. कपाटात मऊ टॉवेल, तोही त्याच्यासाठी. ती स्वतः कडक झालेल्या जुन्या टॉवेलने अंग पुसायची.

एके दिवशी त्याचा एक सोबती दारात येऊन छोटा खोका देऊन गेला. संध्याकाळी फोन आला.

"ताई, मिळालं? लहानपणी काचेतून बघायचो तेच खेळणं, नवं निघालंय. दोन घेतली. एक तुझं, एक माझं. तू सुरू कर. पुढच्या महिन्यात सुट्टीवर आलो की तुला लोळवतो बघ."

"मला यातलं काय कळतंय?"

"तीन बटणं आहेत गं. तुझ्या मशिनला याहून जास्त भानगडी असतात."

ती कधी नव्हे ते खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी तिने ते मार्किंगच्या खडूंच्या डबीत ठेवलं आणि सुरू केलं. अंडं नुसतं थरथरत राहिलं. बिघडलं असं वाटून ती पुढे बिलाच्या काउंटरवर गेली. तिथल्या मुलीच्या पर्सला अशीच चार खेळणी लटकत असत, लाल, पिवळी, एक पारदर्शक. कुठलं जुनं, कुठलं मिळत नाही, हे ती गिऱ्हाइकालाही ऐकवत असे.

"काकू, तुम्ही?" काउंटरवाली म्हणाली. "थांबा, फुटेल. अंडं आहे ते, कुकर नाही."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते फुटलं. आतून डोळे असलेला एक ठिपका निघाला आणि उड्या मारू लागला. मग टाचणीबाईला दुसरं काही सुचेना. खेळण्यातून पिपाणी वाजली की खायला द्यायचं. घाण केली की बटण दाबून धुवायचं. झोपला की पडद्यावरचा दिवा मालवायचा, नाहीतर तो रुसतो. "आमच्या नातवाची एवढी उस्तवार कोणी केली नसेल," मास्तर म्हणाले. ठिपक्याला पाय फुटले, पाठ आली. पुढे पाठ एवढी वाढली की पाय दिसेनासे झाले.

"आता याची झुंज लावू या," काउंटरवालीने आपलं पिवळं पुढे केलं.

"नको गं." टाचणीबाईने डबीचं झाकण लावलं. "दमेल. धाकट्यासाठी ठेवलंय त्याला, पहिल्या झुंजीला."

"अहो, यात ठेवता येत नाही. नवे लोक हेच करतात, नुसतं खायला घालतात. झुंजलं नाही तर ते पुढचं रूप घेत नाही, असंच लोळागोळा होऊन म्हातारं होतं. मग मरतं."

"महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

महिना झाला. धाकट्याचं येणं पुढे गेलं, बदली माणूस आजारी पडला म्हणून. मग आणखी पुढे गेलं. तो गोळा आता पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला वेळ घेऊ लागला. खाणं दिलं तर मान फिरवायचा. काउंटरवालीने एकदा हातात घेऊन पाहिलं आणि हळूच डबीत परत ठेवलं.

त्या संध्याकाळी टाचणीबाईने स्वतःहून फोन लावला. मागे इंजिनाची घरघर होती.

"कधी निघतोस?"

"अगं, करार वाढवलाय त्यांनी. आता वर्षअखेरच."

ती म्हणाली, "तुझं कसं आहे? कितपत वाढलं?"

"काय?"

"खेळणं."

"उघडलंच नाही मी. खोक्यातच आहे. म्हटलं घरी आल्यावर तुझ्यासमोरच उघडू. एकट्याने कशाला उघडायचं?"

तिला राग यायला हवा होता. पण डोळ्यांपुढे आला तो जहाजावरचा एक अरुंद कप्पा आणि त्यात नीट ठेवलेला न फोडलेला खोका. धाकटाही आईच्याच वळणाचा होता.

"ताई, रागावलीस?"

"नाही रे. नवी चादर आहे तुझी. तीही तशीच आहे."

सकाळी दुकानाचं शटर वर गेल्या गेल्या ती थेट काउंटरवर गेली. "काढ तुझं पिवळं."

काउंटरवालीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. आज ओठांत एकही टाचणी नव्हती. दोन खेळण्यांची डोकी एकमेकांना लागली. पडद्यावर गोळा पुढे सरकला. टाचणीबाईला वाटलं, हलणारही नाही. पण त्याने तोंड उघडलं आणि आतून एक बारीक ठिणगी सोडली. एवढे दिवस ती त्याच्या आत होती, हे तिला माहीतच नव्हतं. पिवळ्याने तीन ठिणग्या सोडल्या. गोळा आडवा झाला.

"हरलं, काकू."

"लढलं ना पण," ती म्हणाली.

दुपारी ते गेलं. पडदा रिकामा राहिला आणि थोड्या वेळाने तिथे पुन्हा अंडं आलं, थरथरणारं. तिने डबी मशिनजवळ उघडीच ठेवली. ढिगातली वरची पँट घेतली, खूण केली आणि जास्तीच्या चार बोटांवर कात्री धरली. बराच वेळ धरली. मास्तरांनी मशिन थांबवलं.

"कापताय?"

"दोन बोटं," ती म्हणाली. "दोन राहू देत."

घरी गेल्यावर तिने नवी चादर स्वतःच्या अंथरुणावर घातली. घड्यांच्या रेषा काही जाईनात. त्यांच्यावरच ती आडवी झाली, अंडं उशाशी घेऊन. फोन लावला तेव्हा तिकडे घरघर होती आणि धाकट्याचा आवाज मधूनमधून तुटत होता.

"फोड तो खोका," ती म्हणाली. "आत्ता. मी ऐकतेय."

वारा, घरघर, आणि त्यातून पुठ्ठा फाटल्याचा, मग बटण दाबल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ताई, हे नुसतंच हलतंय गं."

"थांब," ती म्हणाली. "फुटेल."